अर्धी रेवडी

"अय्यो अव्वा!"

एवढं ओरडून महांतेश मोटरसायकलसकट आडवा झाला. आता यात त्याचा काही दोष नव्हता बरं का. जळकोटच्या अलीकडं त्या शिवारातल्या रस्त्यावर कुणाच्या तरी उसाचं पाणी फुटून आलं होतं, आणि आपली काळी माती एकदा पाणी प्यायली की कुणालाच सोडत नाही, मग तो उदगीरच्या शाळेतला मराठीचा सर का असेना! शर्ट गेला, पँट गेली, आणि डोळ्यांवरचा चष्मा चिखलात कुठं गडप झाला कुणास ठाऊक.

बांधावरून खळखळून हसू आलं.

"लागलं का हो?"

चष्म्याशिवाय महांतेशला दिसली ती फक्त एक उंचशी आकृती, खांद्यावर फावडं घेतलेली.

"पाणी कुणाचं आहे हे?" तो वैतागून म्हणाला.

"आमचंच हाय. उसाला पाणी द्यायला, दारं धरायला आलते, जरा ध्यान चुकलं. सरका बाजूला."

आणि तिनं रुतलेली मोटरसायकल मागून दोन्ही हातांनी उचलून कोरड्यात ठेवली. अशी, जशी आपण पाण्याची घागर ठेवतो.

"तुम्ही... तुम्ही खाता तरी काय?"

"शेंगदाणे," ती म्हणाली. "आन् कधीमधी असे चिखलात घावलेले सर."

मग तिनं चिखल चाचपून चष्मा शोधला, गळ्यातल्या टॉवेलनं पुसला आणि सरळ त्याच्या नाकावर चढवला. जग स्वच्छ दिसलं. सगळ्यात पुढं दोन काळेभोर, हसरे डोळे... आणि महांतेशनं तिला ओळखलं. ही तर अक्षरा पैलवान! परदेशातून पदक आणलेली! हिच्यावरच तर त्याला मुलांसाठी पुस्तक लिहायचं होतं, आणि आज भेटायला येतोय असा निरोपही त्यानं धाडला होता.

लातूरच्या प्रकाशकानं तिचं नाव सुचवलं, तेव्हा महांतेशनं "दुसरं कुणी नाही का चालणार?" असं विचारून पाहिलं होतं. का? ते सांगूनच टाकते.

महांतेश नऊ वर्षांचा असताना मामाच्या गावी यात्रेला गेला होता. यात्रेत मोठ्यांच्या कुस्त्यांआधी पोरांच्या कुस्त्या लावतात, रेवड्यांवर. जिंकेल त्याला मूठभर रेवड्या, हरेल त्याला माती. त्या वर्षी एक चिमुरडी फ्रॉक खोचून आखाड्यात उतरली. तिच्याशी खेळणार कोण? मामानं भाच्याला पुढं ढकललं. हलगी वाजली, आणि पुढच्या क्षणी भाचा पाठीवर पडून आभाळ बघत होता. वर रडला! पोरीला दया आली. तिनं एक रेवडी दातानं फोडून अर्धी त्याच्यापुढं धरली. त्यानं तिचा हात झटकला आणि पळून गेला. मामेभावांनी वर्षानुवर्षं त्याची रेवडी उडवली, पुढं तर पेपरात तिचा फोटो आला रे आला की फोन यायचा, "बघ, तुला पाडलेली!" महांतेश जन्मात पुन्हा आखाड्याकडं फिरकला नाही. पुस्तकांत शिरला तो शिरलाच.

आता तीच पोरगी समोर उभी राहून विचारत होती, "चला की घरी. अव्वा दूध देईल."

नाही कसं म्हणणार?

मग महांतेश दर रविवारी येऊ लागला. अक्षराची आई गुरम्मा त्याच्या हातात पैलवानाच्या मापाचा दुधाचा पेला द्यायची, आणि तो बिचारा डोळे मिटून संपवायचा. वडील शंकरप्पा बाजेवर बसून ऐकायचे. अक्षरा दोरावर चढता-चढता उत्तरं द्यायची.

"सर, तुमचे प्रश्न संपंनात का अजून?"

"संपले तर यायचं कशाला?"

बोलून गेला आणि कान तापले त्याचे. ती दोरावरच थांबली. खाली बघून म्हणाली, "मग सावकाश विचारा."

असं चाललं होतं. प्रेम झालंय हे दुधाच्या पेल्यालाही कळलं होतं, फक्त या दोघांच्या तोंडून फुटत नव्हतं.

एका रविवारी शंकरप्पांनी विषय काढला. निलंग्याचं स्थळ आलंय, माणसं बरी आहेत, अक्षरा कुस्तीच्या मोठ्या शिबिराला जायच्या आत होय की न्हाई कळवायचंय.

"लग्नानंतर कुस्ती सोडणार का, म्हणून विचारलं त्यांनी," अक्षरा फटकन म्हणाली. "त्याच्या आधीच्याची आई म्हणं, 'आमच्या लेकराला हाणलं तर?' मला कसला पाहिजे सांगू का, सर? 'मी हिच्याकडून हरलोय' असं चारचौघांत हसत सांगंल, तसला. अजून तरी कुणी दिसंना."

आणि तिनं महांतेशकडं बघितलं. जरा जास्तच वेळ.

आता तरी बोल की रे! पण नाही. त्यानं चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "बदाम रोज किती खाता?"

पुस्तक छपाईला जायच्या आधी त्यानं तिला मजकूर वाचून दाखवला. पहिल्याच पानावर ती पोट धरून हसायला लागली.

"'दुप्पट वजनाच्या एका दांडग्या मुलाला अस्मान दाखवलं'? अहो, दांडगा कुठला! शेवग्याची शेंग होती नुसती. फुंकलं असतं तरी पडला असता."

"एवढा काही बारीक नव्हता तो!"

"तुम्हाला काय माहीत?"

"...अंदाज."

"बरं. नाव लिहा की त्याचं."

"नाव... सापडलं नाही."

अक्षराचं हसू थांबलं. "शोधा," ती म्हणाली, आणि उठून म्हशींकडं गेली. त्या दिवशी महांतेशला दूध गोड लागलं नाही.

प्रकाशन जळकोटच्या एका शाळेत ठेवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षराची शिबिराला जायची गाडी. मैदानात कुस्तीची गादी अंथरलेली, भोवती पोरापोरींचा नुसता चिवचिवाट. पेढे आणायचे ठरले होते, पण अक्षरानं हट्टानं रेवड्या आणायला लावल्या. रेवड्यांचं पुडकं बघून महांतेश दोन पावलं मागं सरकला.

भाषणं झाली. मग दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली. "सर, ताईनं पहिल्यांदा पाडलेला मुलगा आता काय करतो?"

महांतेशनं अक्षराकडं बघितलं. ती पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. पहिल्या रांगेत शंकरप्पा, गुरम्मा, आणि निलंग्याचं उत्तर अजून द्यायचं राहिलेलं... नऊ वर्षांचा असताना पळाला होता. आज पळाला, तर ही गेलीच.

"तो मुलगा," तो म्हणाला, आणि नवल म्हणजे त्याला हसू आलं, "तो आता शाळेत मराठी शिकवतो. दूध पितो. आणि पुस्तकात खोटं लिहितो. दांडगा-बिंडगा काही नव्हता, शेवग्याची शेंग होता. मीच तो. मी हिच्याकडून हरलोय, आणि वर रडलोयसुद्धा!"

मग पोरांनी एकच गलका केला, "खोटं! खोटं! करून दाखवा!"

अक्षरा गादीवर आली. तिचे डोळे भरले होते आणि ओठ मात्र हसू दाबत होते.

"चष्मा काढा, सर."

त्यानं काढला. तिनं तो गुरम्माकडं दिला.

"घाबरलात?"

"लई."

"मग?"

"मग काय... पाडा."

कधी कंबरेत हात गेला, कधी पाय सुटले, काही कळलं नाही.

"अय्यो अव्वा!"

मैदान हसून लोळलं. अक्षरा त्याच्यावर वाकली, अगदी जवळ, चष्म्याशिवायही दिसेल इतकी.

"हेच! यात्रेतबी हेच वरडला होतात. उसाच्या पाण्यात पडलात, तवाच वळखलं मी. असं वरडणारा दुसरा माणूस न्हाई भेटला मला."

"मग... बोलल्या का नाहीत इतके दिवस?"

"मी कशाला बोलू? हरलं कोण?"

तिनं खिशातून एक रेवडी काढली, दातानं फोडली आणि अर्धी त्याच्यापुढं धरली. या वेळी त्यानं हात झटकला नाही. तिथंच, पाठीवर पडल्या-पडल्या, सगळ्या शाळेसमोर तोंड उघडलं.

शंकरप्पांनी घसा खाकरला. "गुरम्मा, निलंग्याला न्हाई म्हणून कळव. आन् काय हो सर, तुमच्या अप्पांचा नंबर काय?"

सर काय सांगणार? रेवडी दाताला चिकटली होती. तो नुसताच हातवारे करत राहिला.

"मी सांगते, कवाच मिळवून ठेवलाय," अक्षरा म्हणाली, आणि सगळा नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला.