चुडामणची गाठ

गाडी चार्ज करायची आणि मथुराबाईला शाहपूरला सोडायचं, एवढंच काम होतं गिरधरला. भर दुपारचे बारा वाजलेले. बसस्टँडमागच्या नव्या चार्जिंग स्टेशनवर चिटपाखरू नव्हतं, पत्र्याच्या शेडखाली तापलेल्या रबराचा वास कोंडला होता. त्याने ई-रिक्षाला प्लग लावला, वायरीला गमछा बांधला आणि लिंबाखाली भाकरीचं फडकं सोडून बसला.

इथली रीतच अशी. वायरीला ज्याचा गमछा, त्याची गाडी चार्जिंगला. त्या गाठीला दुसऱ्याने हात लावायचा नाही. मशीनचा भरवसा कुणाला नव्हता, गाठीचा सगळ्यांना होता.

अशी गाठ एकदाच परक्या हाताने सुटली होती. दोन महिन्यांपूर्वी, अशाच दुपारी, गिरधरच्या हाताने.

काय करणार, चुडामण डोळ्यांत खुपत होता! गिरधर डिझेलच्या रिक्षात धूर खात बसायचा आणि हा पठ्ठ्या ई-रिक्षात आवाज न करता समोरून सवाऱ्या भरून न्यायचा. चौदा वर्षं गिरधरकडे बसणारी मथुराबाईसुद्धा एक दिवस त्याच्या गाडीत जाऊन बसली. वर म्हणाली, "हिच्यात कंबर दुखत नाही रे." त्या दिवशी गिरधरला घास गोड लागला नाही.

त्या दुपारी चुडामण जेवायला गेला तेव्हा मशीनवर नऊ टक्के होते. गिरधरने गाठ सोडून प्लग उपसला. चुडामण परत येताना दिसला तसा घाईने खोचला, गमछाही बांधला. चुडामणच्या गाडीवरचा आकडा कधीचाच बंद पडलेला. मशीनकडे न बघता, दोन तास झाले म्हणजे गाडी भरली, असं तो धरून चालायचा. तापीच्या पुलावर रिकामी गाडी मधोमध थांबली. मागून केळीचा ट्रक येत होता.

"बॅटरीनं धोका दिला," चुडामणच्या मयतीला सगळे म्हणाले. गिरधरही म्हणाला. मग त्याने चुडामणसारखीच निळी ई-रिक्षा घेतली आणि त्याच्या जागेवर लावू लागला. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं होतं.

आज भाकरीनंतर गिरधरचा डोळा लागला. दोन तासांनी तो उठून शेडमध्ये आला. गमछा त्याचाच होता, गाठ त्याची नव्हती. केळीचा घड बांधतात तशी, दुहेरी पिळाची. चुडामण केळीच्या बागेत वाढलेला. अशी गाठ तोच बांधायचा.

मशीनवर आकडा होता नऊ.

"कोण आहे रे...?"

तो गाठ सोडू लागला. बोटं घामाने निसटत होती, गाठ सुटेना.

"गिरधर, चल ना भाऊ, बहुत टाइम झाला."

मथुराबाई केव्हाच गाडीत येऊन बसली होती, एका कडेला, अंग चोरून.

"मावशी, उतरा. चार्ज नाही झाला."

"हे तर म्हणतात झाला."

"कोण...?"

"हे काय, बाजूला बसलेत. तोंडाला गमछा बांधलाय, धूप लागते ना." ती पदर सावरत म्हणाली, "यांना शाहपूरपर्यंत नाही यायचं. पुलावरच उतरायचं म्हणतात..."

गिरधरने मान वळवून पाहिलं. तिच्या शेजारची सीट रिकामी होती.

तो तिकडे बघत असतानाच हाताखालची गाठ सैल झाली आणि प्लग आपसूक बाहेर आला.

"चल ना," मथुराबाई म्हणाली. "कधीचे वाट बघतायत."