सुई ठेवणारा हात

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय. आणि रात्रीबित्री नाही... रविवारी, टळटळीत उन्हात, दुपारी चार वाजता, तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या बाहेरच्या खोलीत.

मामांनी आयुष्यभर नकाशे काढले. भुताखेताच्या गप्पा मारणाऱ्याला ते दारात उभं करायचे नाहीत.

त्यांना जिवलग असा एकच. दातांचे डॉक्टर, आमचे डॉक्टरकाका. कॉलेजपासूनची दोस्ती. दोघांना वेडं तीन... चित्रं, पुस्तकं आणि जॅझच्या रेकॉर्डी. चाळीस वर्षं दर रविवारी चारला काका मामांकडे यायचे. एकेका चित्रावरून दोघं तास तास भांडायचे. मग रेकॉर्ड लागायची.

रेकॉर्ड मामा निवडणार. सुई मात्र काकाच ठेवणार.

"तुझा हात म्हणजे बैलाचा खूर," असं म्हणून काका आधी खाकरायचे, सुईवर हलकी फुंकर मारायचे आणि ती अशी अलगद टेकवायचे की सूर कधी सुरू झाला तेच कळू नये.

पुढे काकांचा हात थरथरायला लागला. दवाखाना बंद करावा लागला. तरी रविवारची सुई त्यांनी सोडली नाही.

आणि एकदा हात हलला. सुई सर्रकन ओढली गेली. मामांच्या सगळ्यात लाडक्या रेकॉर्डवर, ट्रम्पेट ऐन रंगात येतो त्याच जागी, हा लांब ओरखडा!

काकांचं तोंड एवढंसं झालं. "जाऊ दे रे," मामा म्हणाले. पण आठवड्याने त्यांनी फोन केला.

"अरे, प्लेअर बिघडलाय. दुरुस्तीला दिलाय."

"बरं. आला की कळव."

धडधडीत खोटं! प्लेअर ठणठणीत होता. 'आता सुई मी ठेवतो' एवढं साधं वाक्य मामांच्या तोंडून निघेना. पाच महिने तो प्लेअर दुरुस्तीलाच होता... आणि मामा दर रविवारी चारला, दाराला कडी लावून, एकटेच ऐकत बसायचे.

मग एके दिवशी काका झोपेतच गेले.

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी मामांनी ती ओरखड्याची रेकॉर्ड काढली. तबकडी फिरू लागली. मामांनी हात पुढे केला...

मागे कोणीतरी खाकरलं.

मामांनी वळून पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं. दाराला आतून कडी होती.

मग... फू.

सुईवरची धूळ खिडकीतल्या उन्हात उडालेली मामांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

सुईची दांडी आपोआप वर उचलली गेली. हळूच आत वळली. जराही न थरथरता... टेकली.

ट्रम्पेट वाजू लागला. ओरखड्याची जागा जवळ येत होती. आली...

आणि गेली. खट्ट नाही की खुट्ट नाही.

"मी खोटं बोललो रे तुझ्याशी," मामा रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाले. "प्लेअर बिघडलाच नव्हता."

गाणं संपलं. दांडी उचलली गेली आणि जागेवर जाऊन बसली.

तेवढ्यात फोन वाजला. फोनवर काकू होत्या, डॉक्टरकाकांची बायको.

"भावोजी, यांची पुस्तकं तेवढी घेऊन जा. त्यांच्यावर हक्क तुमचाच."

"येतो वहिनी." मग मामांना राहवेना. "वहिनी... शेवटचे पाच महिने रविवारचा काय करायचा हो तो?"

"म्हणजे काय? चारला तुमच्याकडेच की! जिन्यात बसून ऐकायचे. बेल काही वाजवायचे नाहीत."

"मग... मला बोलला का नाही?"

"मी म्हटलं ना त्यांना, सरळ जाब विचारा म्हणून. तर म्हणाले, नको, त्याला लाज वाटेल."

याला आता दोन वर्षं झाली. हल्ली रविवारी मामा दार सताड उघडं टाकतात. रेकॉर्ड फिरवतात आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसतात. सुई काही हलत नाही.

मागे एकदा मीच म्हटलं, "मामा, मी लावू का?"

"हात लावू नकोस!" एवढ्या मोठ्याने ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते.

मग मान खाली घालून, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मला लाज वाटते ना... म्हणून येत नसेल तो."