चोविसाव्या खेळीची मनोटीप

आता बुद्धिबळाचे सटीप डाव कुणी वाचत नाही, डोक्याला लावतात. पूर्वी मोठ्या स्पर्धेतल्या डावांचं पुस्तक निघायचं. उत्तम खेळीपुढे उद्गारचिन्ह असायचं आणि खेळाडूच्या मनात तेव्हा काय होतं, हे टीपकार ठासून सांगायचे. बिचारे अंदाजच करत. पुढे चोरून यंत्राची मदत घेणाऱ्यांना पकडण्यासाठी आयोजकांनी प्रत्येक खेळाडूच्या डोक्यावर संवेदकांची टोपी चढवली आणि खेळी सुचतानाची मेंदूतली हालचाल जशीच्या तशी नोंदली जाऊ लागली. हीच मनोटीप. शिकणाऱ्यानं तशीच टोपी घालून ती नोंद चालू केली, की खेळाडूला जे वाटलं होतं तेच त्याला वाटतं.

एक बरं होतं. खेळाडू हयात असेपर्यंत त्याची मनोटीप खुली करायची नाही, असा नियम होता. सलील खांबेटे वारले आणि त्यांच्या अजिंक्यपदाच्या डावांवरची ही बंदी उठली. तेव्हा त्यांच्या पत्नी गार्गीताई मनोटीपांचं काम पाहणाऱ्या डॉ. अद्वय टिळेकरांकडे आल्या.

"डॉक्टर, शेवटच्या डावातली चोविसावी खेळी तेवढी गाळा."

ती खेळी जगाला पाठ होती. सलील परदेशात खेळत होते आणि इकडे पुण्यात त्यांची चार वर्षांची ओवी तापानं फणफणून दवाखान्यात होती. ते पाऊण तास विचार करत बसले, हत्तीचा बळी दिला आणि जिंकले. विमानातून उतरले तेव्हा ओवी गेली होती. "त्या पाऊण तासात माझ्यासमोर फक्त ओवी होती," असं ते पुढे नेहमी सांगत. गार्गीताईंनी त्या एका वाक्यावर त्यांच्याबरोबर तीस वर्षं काढली.

"माझ्या लेकीचं आजारपण पोरांनी खेळ शिकायला वापरायचं? मला नाही चालणार."

"गाळतो," डॉक्टर चटकन म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. पण ताई उठेनात.

"त्याआधी मला एकदा लावा. त्याच्या मनातली ओवी मला बघू दे."

"तुम्हाला बुद्धिबळ येत नाही, ताई."

"ओवीला ओळखायला ते यावं लागतं होय?"

डॉक्टरांना पुढे खोटं बोलवेना. "ताई, ती तिथे नाही. मी दोनदा लावून पाहिलं. त्यांच्या मनात फक्त पट आहे."

"तुमच्या यंत्राला काय कळतंय!" ताईंचा पारा चढला. त्यांनी स्वतःच टोपी उचलून डोक्यावर ओढली.

डॉक्टरांनी नोंद चालू केली आणि समोर बसून राहिले. ताई रडतील, मध्येच टोपी भिरकावतील, असं त्यांना वाटत होतं. झालं उलटंच. कपाळावरच्या आठ्या हळूहळू विरल्या. शेवटी शेवटी तर ओठांवर हसू आलं. ते पाहून डॉक्टरांना वाईट वाटलं, आणि थोडी भीतीही.

नोंद संपली. त्यांनी टोपी काढून घेतली.

"खरंच नाही ती तिथे," ताई म्हणाल्या.

"ते खोटं बोलत होते असं नाही, ताई. माणूस इतका एकाग्र झाला, की मेंदू बाकी सगळ्याला दार लावून घेतो. नंतर तिथे ओवीच होती असं त्यांना मनापासून वाटत असेल."

"त्याचं नाही, माझं सांगतेय मी." त्या डॉक्टरांच्या हातातल्या टोपीकडे बघत होत्या. "हत्ती कसा चालतो तेही मला ठाऊक नाही. पण काय आनंद होता, डॉक्टर! सगळं एकात एक बसत गेलं. आणि तेवढा वेळ मलासुद्धा ती आठवली नाही. ती गेल्यापासून पहिल्यांदाच."

"गाळतो मी ती खेळी," असं म्हणून डॉक्टर टोपी पेटीत ठेवू लागले.

गार्गीताईंनी त्यांचं मनगट धरलं.

"नको," त्या म्हणाल्या. "परत लावा."