रेंगाळणारी रेघ

तो आला तेव्हा बाहेर भुरभुर पाऊस होता आणि आमच्या दवाखान्यात दुपारची पेंग. त्यानं छत्री मिटून दाराशी उभी केली, ती पडली. पुन्हा उभी केली, पुन्हा पडली. मग त्यानं ती उचललीच नाही. नुसतं तिच्याकडे पाहिलं – राहा बाई पडून, तुझी मर्जी, अशा नजरेनं.

मला हसू आलं. आणि ते त्यानं पाहिलं.

"कानांची तपासणी करायचीय," तो म्हणाला. "कंपनीनं पाठवलंय. बोटीवर इंजिनिअर आहे मी. बोट सुटायच्या आत दाखला हवाय."

"बसा ना आत."

"काय म्हणालात?"

"आत बसा," मी जरा आवाज चढवून म्हणाले.

आमची तपासणीची केबिन म्हणजे एक मोठं कपाटच. जाड भिंती, एक खुर्ची, एक छोटी काच. काचेच्या अलीकडे माझं यंत्र. मी त्याच्या कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं.

"आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक असला तरी."

"आणि नाही आला तर?"

"तर गप्प बसायचं."

"ते मला छान जमतं," तो म्हणाला आणि शहाण्या मुलासारखे डोळे मिटून बसला.

खालच्या पट्टीतले आवाज त्याला लगेच ऐकू आले. बटण दाबलं की माझ्या यंत्रावर दिवा लागतो. तो पटापट लागत होता. मग मी पट्टी चढवत गेले. दिवा मंदावला, चुकायला लागला... आणि मग लागेनाच. मी आवाज वाढवला. नाही. आणखी वाढवला. नाही. काचेपलीकडे तो तसाच डोळे मिटून, शांत. आपल्याला काही ऐकू येत नाहीये, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

मी आकडे टिपायला खाली वाकले. आणि दिवा लुकलुकायला लागला.

मी तर आवाज सोडलाच नव्हता! त्याचा अंगठाच आपसूक चाळा करत होता. लांब–आखूड–लांब–आखूड. लांब–लांब–आखूड–लांब. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

सीक्यू. बिनतारीच्या भाषेत – कुणी आहे का? कुणीही असा, उत्तर द्या.

आणि प्रत्येक वेळी शेवटची रेघ – लांब ठोक्याला आम्ही रेघ म्हणतो – गरजेपेक्षा किंचित लांब. 'येतो' म्हणून झाल्यावरही उंबऱ्याशी घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखी.

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. हा हात मी ओळखत होते. गेली तीन वर्षं ओळखत होते.

*

मोर्स मला आत्यानं शिकवलं. ती तारखात्यात होती. लहानपणी तिच्याकडे राहायला गेले की ती जेवताना टेबलावर बोटं वाजवून विचारायची – भाजी हवी? मी बोटांनीच उत्तर द्यायचे – नको. आई वैतागायची. पुढे आत्या गेली आणि तिचा रेडिओ माझ्याकडे आला. गच्चीवर तार ताणली, घरमालकांची समजूत काढली आणि मी स्पर्धांमध्ये उतरायला लागले.

स्पर्धा म्हणजे शनिवार-रविवार नुसतं टिट-टिट-टाट. जगभरातले हौशी लोक एकमेकांना हाका मारतात. जितकी जास्त आणि जितकी लांबची माणसं गाठाल, तितके गुण. बोलायला फुरसत नसते. आपलं रेडिओवरचं नाव सांगायचं, समोरच्याचं घ्यायचं, 'पाच नऊ नऊ' म्हणायचं – म्हणजे तुमचा आवाज अगदी स्पष्ट आणि खणखणीत येतोय – वर ही आपली कितवी भेट तो आकडा सांगायचा, की लगेच पुढचा. समोरचा खोल विहिरीतून कण्हत असला तरी पाच नऊ नऊच द्यायचं. तशी रीतच आहे.

"दोन दिवसांत हजार माणसांशी बोलतेस," वहिनी फोनवर म्हणायची, "आणि एकानंही विचारलं नाही जेवलीस का म्हणून? दवाखान्यात सगळे बहिरे आणि घरी सगळे मुके! कसं व्हायचं गं तुझं?"

मी हसण्यावारी न्यायचे. पण रविवारी संध्याकाळी स्पर्धा संपली, हेडफोन काढले की घर असं अंगावर यायचं... नळ ठिबकायचा तोही कुणी बोलल्यासारखा वाटायचा.

अशाच एका स्पर्धेत त्यानं मला गाठलं. नावापुढे 'समुद्रात, बोटीवर' सांगणारी अक्षरं. हात जुन्या वळणाचा, शेवटची रेघ लांबलेली. आणि त्यानं मला चक्क 'तीन तीन नऊ' दिलं! म्हणजे – कसंबसं ऐकू येतंय तुमचं. मला असा राग आला म्हणता! हजारात एक खरं बोलणारा निघाला आणि तो नेमका माझ्या वाट्याला. मी त्याचं नाव ठेवलं, रेंगाळ्या.

पुढच्या स्पर्धेत मी त्याचीच वाट पाहत होते, हे मला तो सापडल्यावर कळलं. मग दर स्पर्धेत तो यायचा, कधी या समुद्रातून, कधी त्या. दोन ओळींची भेट. जाता जाता तो काहीतरी आगाऊ घालायचाच – 'इथे पाऊस', 'आज चंद्र मोठा', 'फार जोरात पळता बुवा तुम्ही'. आणि हल्ली हल्ली तर माझा आकडा पुन्हा पुन्हा विचारायचा. परत? परत सांगा? आणखी एकदा? मागे रांगेत लोक खोळंबलेले असायचे, ते चिडायचे. मी मात्र मनातल्या मनात लाजायचे. मला वाटायचं, मुद्दाम करतोय. सोडवत नाहीये त्याला.

*

आता तो काचेपलीकडे बसला होता. कानशिलावर चार पांढरे केस, सदऱ्याची एक बाही पावसानं भिजलेली.

मी यंत्राची पट्टी अगदी खाली आणली, जिथे त्याला नीट ऐकू येत होतं. आणि आवाजाच्या बटणावर बोट ठेवून त्याच्या कानात हळूच वाजवलं – तीन... तीन... नऊ.

तो ताडकन उठला! हेडफोनची वायर ताणली गेली, खुर्ची कलंडली. काचेला नाक लावून तो माझ्याकडे बघत राहिला. मग केबिनचं जड दार ढकलून बाहेर आला, हेडफोन गळ्यात तसेच.

"तुम्ही?" तो म्हणाला. "ती... तडतडी?"

"कोण?"

"मी तुमचं नाव ठेवलंय. लाह्या फुटाव्यात तसं वाजवता."

"आणि तुम्ही गोगलगायीसारखं."

"गोगलगाय पोचली की नाही पण?" तो हसला. "मला वाटायचं, कुणी पांढऱ्या केसांच्या आजीबाई असतील."

"निराशा झाली?"

"काय?" त्यानं कान पुढे केला.

"निराशा झाली का, म्हटलं!"

"छे. छे हो..." आणि तो इतका वेळ बघत राहिला की मलाच फाईल चाळावी लागली.

फाईल. त्यातले आकडे.

मी त्याला खुर्ची दिली. समोर बसून, तोंड त्याच्याकडे ठेवून, हळू आणि स्पष्ट सांगितलं. इंजिनाच्या आवाजानं कान गेले होते. वरची पट्टी संपल्यात जमा. घसरण आता मधल्या पट्टीपर्यंत उतरलेली. बोटीवर गेलात तर उरलेलंही जाईल.

तो ऐकत होता. चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळत गेलं.

"म्हणून तुम्ही सारखं 'परत सांगा' म्हणत होतात?" मी विचारलं.

"पहिल्या-पहिल्यांदा मुद्दाम," तो म्हणाला. "नंतर... खरंच ऐकू येईना. तुम्हाला कळू नये म्हणून तसंच चालू ठेवलं."

"दाखला द्या," तो म्हणाला. "स्पर्धेत मला प्रत्येक वेळी पाच नऊ नऊ दिलंत. आज एकदा द्या की."

"स्पर्धेत देते. इथे नाही देता येणार."

"समुद्राशिवाय मला काही येत नाही हो."

"मला ठाऊक आहे..."

"की मी जाऊ नये, म्हणून अडवताय?"

हे मात्र लागलं. कारण ते पुरतं खोटंही नव्हतं. तो इथेच राहावा असं वाटायला मला चार मिनिटंसुद्धा लागली नव्हती. पण आकडे त्याच्या आधीचे होते, आणि ते मी बदलणार नव्हते – त्याच्यासाठीही नाही, माझ्यासाठीही नाही.

"दुसरीकडे तपासून घ्या," मी म्हणाले. "आकडा तोच येईल."

त्यानं गळ्यातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले. छत्री उचलली.

"रेडिओच्या आवाजाची पट्टी खाली उतरवा," मी त्याच्या पाठीशी म्हणाले. "अगदी खाली. तिथं तुम्हाला अजून नीट ऐकू येतं. माझा आवाज... सगळ्यांचा आवाज, येईल तुम्हाला."

तो थांबला नाही. पाठमोरा होता. त्याला ऐकू गेलंच नव्हतं.

*

बोट त्याच्याविना गेली, एवढं मला कंपनीच्या फोनवरून कळलं. त्याचा पत्ता फाईलमध्ये होता. कितीदा तरी ती फाईल काढली आणि तशीच ठेवून दिली. पेशंटचा पत्ता असा वापरायचा नसतो. आणि वापरून लिहिणार तरी काय होते?

पुढची स्पर्धा आली. हवा अशी स्वच्छ की जगाच्या पाठीवरची माणसं खिडकीत बसून बोलत असावीत तशी येत होती. मी आजवर कधी केली नव्हती एवढी मजल मारली. दर थोड्या वेळानं मात्र थांबायचे, आवाजांच्या मधल्या रिकाम्या जागेत कान द्यायचे. तिथे नुसती खरखर. रविवारी संध्याकाळी हेडफोन काढले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. वहिनीचा फोन वाजत होता, तोही उचलला नाही. एका अनोळखी माणसाची एक रेघ ऐकू आली नाही, म्हणून एवढं रडू येतं? कुणाला सांगितलं असतं तर मलाच तपासायला नेलं असतं.

*

नंतर एका दुपारी दवाखान्याचं दार उघडलं आणि तो आत आला. या वेळी छत्री नव्हती. बाहेर लख्ख ऊन होतं.

"यंत्र बसवायचंय," तो म्हणाला. "कानाचं."

मी नुसतं खुर्चीकडे बोट दाखवलं.

"ताईकडे राहिलो होतो," तो सांगायला लागला. "रागातच होतो. तुमच्यावर, कंपनीवर, सगळ्या जगावर. एकदा ताईची धाकटी माझ्यामागे उभी राहून हाका मारत होती. मामा, मामा... तिला तिचं चित्र दाखवायचं होतं. मी वळलोच नाही. ती रडून निघून गेली. मला पत्ताच नाही. रात्री ताईनं सांगितलं. मग म्हटलं, पुरे आता."

"आणि नोकरी?"

"बंदराच्या शाळेत. मुलांना इंजिनं शिकवायची. इथून आगगाडीनं अख्खा दिवस लागतो." मग खाली बघत म्हणाला, "मागच्या स्पर्धेत मी ऐकत होतो. बोललो नाही. तुम्ही असाल कुठेतरी... मला सापडला नाहीत."

मी यंत्र त्याच्या कानामागे बसवलं. माझी बोटं थंड होती, तो किंचित दचकला. मग मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले.

"मी म्हणेन तो शब्द परत म्हणायचा. मागे बघायचं नाही. पाणी."

"पाणी."

"खिडकी."

"खिडकी."

"रेंगाळ्या."

"रेंगा... हा कुठला शब्द?"

"तुमचं नाव. मी ठेवलेलं."

त्याचे खांदे हसून हलले. मी आवाज हळू केला, आणखी हळू. तो प्रत्येक शब्द बरोबर म्हणत गेला. आता एक पाऊल मागे सरकले आणि जेमतेम ओठ हलवून म्हणाले, "आवडता."

तो गप्प.

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"ऐकू आलं नाही?" मी विचारलं.

"आलं."

"मग म्हणत का नाही?"

"तपासणी म्हणून नाही म्हणायचा तो शब्द." तो वळला. बघायचं नाही म्हटलं होतं तरी वळला. "तुम्ही मला आवडता. स्पर्धेतल्यासारखं नाही... खरंच."

मी त्याच्या कानामागची वायर उगाच नीट केली. ती नीटच होती. त्यानं माझा हात तिथेच धरून ठेवला.

त्या दिवशी मी दवाखाना लवकर बंद केला. त्याची गाडी संध्याकाळची होती. आम्ही स्टेशनपर्यंत पायी निघालो. वाटेत तो दर चार पावलांवर थांबत होता.

"हे काय करकरतंय?"

"तुमचे बूट."

"एवढे वाजतात? आणि कुणी सांगितलं नाही मला?"

झाडाखाली तो मान वर करून उभा राहिला, पानं ऐकत. मला त्याची गाडी चुकायला हवी होती. आणि चुकू नये म्हणून मीच घड्याळ बघत होते. फलाटावरच्या गोंगाटात त्याला यंत्र नवं होतं आणि मला हे सगळंच. गाडी आली. तो दारात चढला, पुन्हा अर्धा बाहेर वाकला.

"रविवारी काय करता तुम्ही?"

"या रविवारी स्पर्धा नाही."

"मग येऊ?"

"अख्खा दिवस लागतो ना यायला?"

"हो..."

गाडी हलली. मी तिच्याबरोबर चालायला लागले. या एका वाक्यात त्याला 'परत सांगा' म्हणायची वेळ येऊ द्यायची नव्हती, म्हणून भर फलाटावर, माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं ओरडले –

"मग शनिवारीच निघा!"