न वाजलेला भोंगा

“कुणीतरी मुद्दाम भोंगा बंद केला,” उबवणी केंद्राची मालकीण गुप्तहेर मावशीच्या घरी येऊन म्हणाली. “यंत्र तापत गेलं, सगळी अंडी गेली. आणि यंत्रावरचे काका म्हणतात, काही ऐकूच आलं नाही! आजच त्यांचा हिशेब करून टाकते.”

मावशीचा भाचा शेजारीच बसला होता. तिथला सर्व्हर त्यानेच तर उभा केला होता. मावशीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि चप्पल घातली.

केंद्रात सर्व्हर फळीवर बसला होता. डब्याएवढा, ना पडदा, ना कळफलक.

“यात आहे काय?” मावशीने विचारलं.

“अगदी मोजकी लिनक्स प्रणाली. तीन सेवा फक्त, म्हणजे मागे सतत चालणारे प्रोग्राम. एक मला घरून आत येऊ देते, एक तापमान नोंदवते, आणि एक, यंत्र फार तापलं की, भोंगा वाजवते. कमी सामान, कमी बिघाड,” भाचा म्हणाला. “पासवर्ड एकट्या माझ्याकडे. भोंगा शेवटी बसवला, वाजवूनही दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.”

“त्यानंतर सर्व्हर कधी बंद झाला होता?”

“एकदाही नाही!” त्याची छाती फुगली.

वायरमन आला तोच हात जोडून. “बाई, चूक झाली. काल मीटर बदलताना न सांगता वीज तोडली. पण लगेच जोडली हो.”

काका दारातच उभे राहिले. “मी पुसताना डब्याला हात लागला असेल. माझंच काहीतरी चुकलं असणार.”

“वीज आल्यावर तापमानाची नोंद चालू होती?” मावशीने विचारलं.

“होती ना,” मालकीण म्हणाली. “म्हणून तर कळलं यंत्र किती तापलं ते.”

मावशीने भाच्याला अंगणात नेलं.

“पासवर्ड नाही, कळफलक नाही. मग काका भोंगा बंद कसा करणार? तो कुणीच बंद केला नाही. वीज गेली तेव्हा सगळंच झोपलं. वीज आली, नोंद उठली, भोंगा उठला नाही. सेवा सुरू करणं वेगळं, आणि सर्व्हर उठेल तेव्हा तूही ऊठ, असं तिला बजावून ठेवणं वेगळं. पहिल्या दोघींना तू बजावलंस. तिसरी वाजली, टाळ्या पडल्या, आणि तू राहिलेलं काम विसरलास. सर्व्हर कधी बंदच पडला नाही, म्हणून कालपर्यंत कळलं नाही.”

आपल्या हुशारीपायी एका म्हाताऱ्याची भाकरी जात होती, याची त्याला भयंकर लाज वाटली.

“मावशी, तू सांग ना त्यांना.”

“मी शोधून दिलं. सांगायचं तुझं तू.”

तो आत गेला. मालकिणीसमोर अडखळत सगळं बोलला. ती आधी त्याच्यावर संतापली, मग काकांना म्हणाली, “तुम्ही कामावर जा.”

काका हललेच नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते.

“म्हणजे पोरा, ती पिल्लं माझ्यामुळे नाही ना गेली?”

“नाही काका,” तो म्हणाला. “माझ्यामुळे.”