युनशानदादा, जेवलास का?

बस जरा. हे मी कुणाला सांगितलेलं नाही आणि एकदा सुरुवात केली की मध्ये थांबणार नाही.

त्या दिवशी मी कीलुंगच्या बंदरगावी निघालो तो नेहमीसारखाच, हातात मिठाईचा पुडा घेऊन. सिनेनट शे युनशानच्या पुण्यतिथीला त्याचे चाहते, त्यांच्यातल्याच बीश्याताईंच्या ब्युटी पार्लरच्या वरच्या खोलीत जमायचे. दहा-बारा बायका, सगळ्या पन्नाशी उलटलेल्या, आणि प्रोजेक्टर चालवायला म्हातारा चुआंग. टेबलावर युनशानचा फोटो, उदबत्त्या, भात, वाफवलेला मासा. मग त्याच्या शेवटच्या सिनेमाचं शेवटचं रीळ आवाज बंद करून लागायचं आणि त्याचे संवाद पडद्याशेजारी उभा राहून मी म्हणायचो.

कारण तो आवाज माझाच होता. आमच्याकडे तैवानात तेव्हा चित्रीकरण मुकं व्हायचं आणि नटाच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज घालायचे. युनशानच्या चोवीस सिनेमांत तो दुसरा म्हणजे मी, सगळ्यांचा 'मास्तर'. चाहत्यांना हे कळलं तेव्हा त्या रुसल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "दादा अर्धा गेला, अर्धा तुमच्यात राहिला." माझी बायको गेलेली, मूलबाळ नाही. वर्षातून एक दिवस दहा बायका माझा हात हातात घेऊन रडायच्या, त्यावर मी उरलेलं वर्ष काढायचो. लाज वाटते, पण खरं तेच आहे.

त्या दुपारी मी नेहमीपेक्षा चांगलं बोललो. पडद्यावर युनशान घराच्या दाराशी उभा, पाठीमागे अंधार. "आई, मी आलोय. दिवा नको लावूस." बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. मग बीश्याताईंनी कौल घेतला. लाकडाचे दोन चंद्रकोरी तुकडे. एक पालथा, एक उताणा पडला तर होकार. मेलेल्या माणसाचं पोट भरलं का ते विचारायचं आणि त्याने हो म्हटल्याशिवाय आपण ताटाला हात लावायचा नाही.

"युनशानदादा, जेवलास का?"

दोन्ही पालथे. नकार.

"आधीपासूनच चवीने खाणारा," कुणीतरी म्हणालं. पुन्हा टाकले. नकार. सात वेळा नकार पडल्यावर हसणं थांबलं. उदबत्तीचा धूर वर जायचा सोडून टेबलावरच साचत होता आणि खोलीत खाऱ्या, ओल्या जाळ्यांचा वास येऊ लागला होता. बंदर जवळ आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

"जेवणात काही कमी पडलं?" नकार.

"सिनेमा पुन्हा बघायचाय?" होकार.

बायकांनी श्वास सोडला. "बघा, लाडका तो लाडकाच. मास्तर परत बोलतील हां, दादा."

तुकडे जमिनीवर पडले. नकार. तीनदा टाकले, तीनदा नकार. सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या.

नकार कशाला, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. युनशान पेंगहू बेटावरच्या कोळ्याचा पोर. आवाज घोगरा, बोलण्याला बेटावरचा हेल. शेवटच्या सिनेमाला त्याने निर्मात्याचे पाय धरले, की एकदा तरी मला माझ्या तोंडाने बोलू द्या. तो बोलला. मी काचेपलीकडून ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला, इतकं ते खरं होतं. निर्मात्याने मला विचारलं, "मास्तर, कसं वाटतं?" उद्यापासून मला कोण विचारणार, हे मला त्याच क्षणी दिसलं. मी म्हणालो, "लोक हसतील." त्याने तो आवाज पुसून माझा घातला. सहा महिन्यांत युनशान आजारपणात गेला. ते कुणी केलं, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

"मी गप्प बसतो," मी म्हणालो. "रीळ लावा."

चुआंगने आवाजाची वायर काढूनच ठेवली होती. युनशान दाराशी आला. त्याने तोंड उघडलं... आणि खोलीत आवाज आला. घोगरा, हेल काढणारा. "आई, मी आलोय..."

एक बाई फिसकन हसली. तिचं बघून दुसरी.

"अगं बाई, हा कुठला मासेवाला?"

"चुआंगकाका, या वयात चेष्टा सुचते?"

"मी काही नाही केलं..." चुआंग वायर हातात धरून उभा होता.

बीश्याताई मात्र संतापल्या. "दादाच्या तोंडी असलं गावंढळ बोलणं? मास्तर, तुम्ही सांगा. तुम्ही त्याला ओळखत होता. हा त्याचा आवाज आहे?"

पडद्यावर युनशान थांबला होता. रीळ सरकत होतं, तो थांबला होता. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. पण मग पुढचं सांगावं लागलं असतं, आणि त्या बायकांचे हात माझ्या हातातून कायमचे सुटले असते.

"नाही," मी म्हणालो. "हा तो नाही."

बीश्याताईंनी तुकडे उचलले. "जेवलास का, दादा?"

पहिल्याच फेकीला होकार. सगळ्यांना हायसं वाटलं. आम्ही जेवायला बसलो. खारवलेल्या मुळ्याला मीठ नव्हतं. भाताला, माशाला, कशालाच चव नव्हती; मेलेला खरंच जेवून गेला की मागे चव उरत नाही म्हणतात.

आठ दिवसांनी भर दुपारी बीश्याताईंचा फोन आला. "मास्तर, टीव्ही लावा. दादाचा सिनेमा चाललाय."

लावला. माझा तरुणपणीचा आवाज घरभर घुमला. युनशानचे ओठ मिटलेले होते. समोर नटी होती, पण तो तिच्याकडे पाहत नव्हता. तो सरळ माझ्याकडे पाहत होता, दुसऱ्याचं बोलणं संपायची वाट बघत असल्यासारखा.

"तुमच्याकडेही तसंच दिसतंय?" बीश्याताई कुजबुजल्या. "मी सगळ्याजणींना विचारलं... सगळ्यांकडे तसंच..."

माझं वाक्य संपलं. युनशानने तोंड उघडलं आणि बोलू लागला. मला काहीच ऐकू येईना. मी आवाज वाढवला, पडद्याला कान लावला. नुसते ओठ हलत होते.

फोनवर बीश्याताई कितीतरी वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांचा हुंदका आला.

"मास्तर... तो सांगतोय ते खरं आहे?"

"काय सांगतोय, ताई?"

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्या बायकांपैकी कुणीही माझ्याशी बोललेलं नाही. युनशानचे सिनेमे अजून टीव्हीवर लागतात. दर वेळी माझं संपलं की तो बोलतो, बराच वेळ बोलतो. शेजारची म्हातारी परवा भिंतीपलीकडून ते ऐकून रडत होती. मला अजून एक शब्दही ऐकू आलेला नाही.