मीठवालीचा चेंडू

त्या इमारतीत तिला सगळे मीठवाली म्हणत. सात वर्षं बाई मिठाची पोती दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत चढवत होती, तेव्हा लोक दुसरं काय म्हणणार? तिथल्या काचेच्या उंच टाकीत तळाला खूप खारं, वर अगदी गोडं आणि मधे हळूहळू खारटपणा कमी होत जाणारं पाणी ती थराथरानं भरायची. मग त्यात एक पिवळा चेंडू सोडायची. वरच्या पाण्याला तो जड, खालच्याला हलका. त्यामुळे बिचारा मधेच खालीवर करत राही आणि शेवटी दमून एका जागी थांबे. किती वेळात थांबेल, याचं तिनं सूत्र बसवलं होतं. आज परीक्षकांसमोर चेंडू त्याप्रमाणे थांबला की पदवी. नाही थांबला, तर सात वर्षं पाण्यात, तेही खाऱ्या.

थर ढवळू नयेत म्हणून त्या खोलीत कुणी चपला घालत नसे, दार आपटत नसे. शिंक आली तर बाहेर पळायचं. पोती उचलायला आलेला तिचा नवराही कोपऱ्यात अनवाणी उभा होता. तो गाणं शिकवायचा. समोरचा माणूस कुठे दम घेतो, याकडे त्याचं लक्ष असे, मग तो माणूस गाणारा असो की वीजबिल वाटणारा.

परीक्षक गोलमटोल आणि हसतमुख होते. मोज्याच्या भोकातून त्यांचा अंगठा डोकावत होता. स्टूल ओढून ते टाकीसमोर बसले आणि तिनं चेंडू सोडला. खाली, वर, खाली, वर. हेलकावे लहान होत गेले, आणि मग लहानच राहिले. थांबायचं नाव नाही.

"थांबेना की हा," परीक्षक म्हणाले.

"थांबेल, सर. नवीन माणसाला लाजतोय."

तिनं पंखा बंद केला. पंप बंद केला. नवऱ्याला बाहेर घालवलं. चेंडू आपला चालूच. तिला रडू यायच्या बेतात होतं.

नवऱ्यानं दारातून डोकं आत घातलं. "अगं, सर श्वास घेतात तेव्हा तो वर जातो. सोडतात तेव्हा खाली."

"तू गप्प बस हं!"

परीक्षक पोट धरधरून हसले. टाकीतला चेंडूही टुणटुण उडाला.

हसू विरलं. "बघू तरी," म्हणत त्यांनी नाक चिमटीत धरलं.

चेंडू थांबला.

"थांबला! सर, सही!" तिनं कागद पुढे सरकवला. लालबुंद झालेल्या परीक्षकांनी झोकदार सही ठोकली आणि नाक सोडलं.

चेंडू हलला नाही.

"अभिनंदन," ते म्हणाले. सूत्राचं भरभरून कौतुक केलं, बूट चढवले आणि जिना उतरून गेले. ती आनंदानं नाचायची तेवढी बाकी होती. नवरा मात्र हसत नव्हता.

"एवढं बोलले," तो म्हणाला, "पण मधे एकदाही दम घेतला नाही."

ती खिडकीशी गेली. खाली अंगणात परीक्षक चालता चालता उभे राहिले होते. एक पाय पुढे, हात अर्धवट उचललेला.

तिनं काठी घेतली आणि चेंडूला ढोसलं.

खाली त्यांचे खांदे वर झाले. ते चालू लागले आणि कोपऱ्यावरून वळून दिसेनासे झाले.

हेलकावे लहान होऊ लागले. तिनं पुन्हा ढोसलं. दर वेळी थर थोडे मिसळत होते. पुरते मिसळले की चेंडू पुन्हा कधीच खालीवर करणार नव्हता.

"तुझं सूत्र चुकलंही असेल," नवरा हळूच म्हणाला.

सात वर्षांत पहिल्यांदाच ते चुकलेलं असावं असं तिला मनापासून वाटलं. तिनं घड्याळ पाहिलं, चेंडू पाहिला. सूत्र तंतोतंत बरोबर होतं.